जळालेली ब्लँकेटं

“काढ आधी ते त्याच्या अंगावरून! काढ म्हणते ना!”

मी एवढ्या जोरात ओरडले की नातू दचकून रडायला लागला. लेक माझ्याकडे बघतच राहिली. पुरात तिचं घर गेलं त्याला आठवडा झाला होता. सासूला घेऊन ती शाळेतल्या छावणीत राहत होती आणि तीन महिन्यांच्या बाळाला न्हाऊ घालायला तेवढी माझ्या खोलीवर आली होती.

“आई, अगं कोरं आहे ते. माझ्यासमोर प्लास्टिक फोडून दिलं. सरकारी मदत आहे.”

“कोरं म्हणे! हे बघ.”

मी ब्लँकेटचा कोपरा उलटा केला. शिवणीच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याची गाठ होती. दोन वेढे आणि वर एक आडवा टाका. आख्ख्या इस्पितळात अशी गाठ मी एकटी मारते.

सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. दोन वर्षांपूर्वी युद्ध सुरू झालं तसे जखमी जवान यायला लागले आणि त्यांच्यासाठी सरकारने ढिगाने ब्लँकेटं घेतली. त्यातलं साथीच्या वॉर्डातलं ब्लँकेट धुऊनसुद्धा पुन्हा वापरायचं नाही, खालच्या भट्टीत जाळायचं, असा नियम. बाकीच्यांत मिसळू नये म्हणून ते हातात आल्या आल्या मी त्याला गाठ मारायचे. म्हणजे या ब्लँकेटची केव्हाच राख व्हायला हवी होती, आणि ते माझ्या नातवाच्या गळ्यापर्यंत ओढलेलं होतं.

बाळाचे कपडे उतरवले तर मानेवर लाल पुरळ.

“घामोळं असेल गं,” लेक म्हणाली, पण तिचाही आवाज बसला होता.

“या गारठ्यात घामोळं? छावणीतल्या डॉक्टरीणबाईंना दाखव आधी. आणि अशी किती जणांना दिलीत?”

“सगळ्यांना. उरलेली आज येणार आहेत.”

ब्लँकेट पिशवीत कोंबून मी तडक इस्पितळाच्या गोदामात गेले. छावणीची मदतही तिथूनच जात होती.

गोदामाचे स्टोअरकीपर म्हणजे आमचे होईलसाहेब. काहीही सांगा, ‘होईल, होईल’ म्हणणार, म्हणून ते नाव पडलेलं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. माझा नवरा गेला तेव्हा याच माणसाने खटपट करून इस्पितळाची खोली माझ्याकडे राहू दिली होती. आता त्यांच्या मागे नव्या प्लास्टिकमध्ये ब्लँकेटांची थप्पी छतापर्यंत गेली होती. प्रत्येकावर चिठ्ठी होती, ‘पूरग्रस्तांसाठी’.

मी पिशवी टेबलावर उपडी केली. कोपरा बघून त्यांनी उठून दार लावून घेतलं.

“ही गाठ आमच्या लक्षातच आली नाही बघा,” ते पुटपुटले. “मावशी, हे माझ्या एकट्याचं काम नाही. वरपर्यंत आहे. ठेकेदार जुनी उचलतो आणि नवी म्हणून सरकारलाच विकतो. मी नुसतं दार उघडतो.”

“माझ्या नातवाच्या अंगावर होतं हे!”

त्यांचा चेहरा खरंच उतरला. “अरे देवा. बाळ बरंय ना?”

मी पुरळाचं सांगितलं. त्यांनी खणातून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. ही जाळल्याची वही. दर महिन्याला एक ओळ, ‘वरील ब्लँकेटं माझ्यासमक्ष जाळली’, आणि खाली माझी सही. दोन वर्षांच्या सगळ्या सह्या माझ्याच.

भट्टी चाळीस पायऱ्या खाली आहे आणि माझे गुडघे गेलेले. होईलसाहेब चहाबरोबर वही माझ्या टेबलावर पाठवायचे. ‘कशाला उतरताय मावशी, होईल ते.’ मी चहा प्यायचे आणि सही करायचे. कोणी माझा हात धरून करून घेतली नाही. दोन वर्षांत मी एकदा, एकदासुद्धा खाली जाऊन बघितलं नाही.

“आता तुम्ही म्हणालात जाळली नाहीत, तर पहिलं कोण अडकेल?” ते हळू आवाजात म्हणाले. “पाच महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. पेन्शन आहे, खोली आहे. दुपारी छावणीच्या डॉक्टरीणबाई माल बघायला येतायत, गाठ दिसली तर विचारतील. ही थप्पी तीनशेची आहे, तेवढ्या गाठी उसवून द्या. आमच्या हाताने कापड फाटेल. बाळाला मी खरंखुरं नवं आणून देतो.”

त्यांनी ब्लेड पुढे केलं.

सांगायला लाज वाटते, पण मी बसले. खोली गेली तर लेकीला आणि बाळाला कुठे नेऊ, एवढंच डोक्यात घुमत होतं. एक गाठ उसवली, दुसरी उसवली. काम झपाझप होत होतं, सवयीचे हात ना! दुपारपर्यंत अर्धी थप्पी झाली असेल, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

“आई, बाईंनी औषध दिलंय. पण त्या म्हणाल्या, छावणीत असं पुरळ आलेली आणखी नऊ मुलं आहेत. एकाला तापही आहे. आई, ऐकतेयस ना?”

मी ब्लेड खाली ठेवलं आणि मग ते काही केल्या उचलवेना.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी तिथेच बसून होते. त्यांनी थप्पीवर हात फिरवला.

“सगळा नवा माल ना?”

“कोरा करकरीत,” होईलसाहेब म्हणाले.

“नाही,” मी म्हणाले. एक ब्लँकेट उलगडून कोपरा त्यांच्यासमोर धरला आणि काय ते सगळं सांगितलं.

“ही गाठ कोणाची?”

“माझी.”

त्यांनी वही उघडली. “आणि ही सही?”

“तीही माझीच.”

होईलसाहेब खुर्चीत बसले. “मावशी, लेकीबाळाचा तरी विचार करायचात.”

“तोच केला.”

डॉक्टरीणबाईंनी दहा ब्लँकेटं पुरावा म्हणून मोहोरबंद केली. छावणीतली परत मागवून बाकी सगळी आजच जाळायची, असा लेखी हुकूम काढला. मग मला म्हणाल्या, “तुमचंही नाव लिहावं लागणार. बहुतेक उद्यापासून कामावर घेणार नाहीत.” मी मान हलवली.

ब्लँकेटं परत आणायला मीही छावणीत गेले, तर बायका ती सोडेनात. लेकीच्या सासूने तर मलाच फैलावर घेतलं. “हे नेताय, मग रात्री पांघरायचं काय, तुमचं डोंबल?” तिचं काय चुकलं? घरून नेलेली माझी दोन्ही पांघरुणं मी तिथेच ठेवून आले, पण एवढ्या माणसांत ती कोणाकोणाला पुरणार!

दिवस मावळायच्या आत ब्लँकेटं भट्टीपाशी उतरवली. चाळीस पायऱ्या मी बसून बसून उतरले. भट्टीवाला धावत आला.

“मावशी, तुम्ही कशाला आलात? वही वर आणतो की. सही करून टाका.”

“तू टाक एकेक.”

प्रत्येकाचा कोपरा मी उलटून बघत होते. गाठ असली तरी आणि उसवल्याची भोकं असली तरी आत. नातवाचं निघालं, तेही स्वतःच्या हाताने दिलं. डोळे चुरचुरत होते आणि गुडघे तर माझे राहिलेच नव्हते. भट्टीवाल्याने दोनदा स्टूल आणून ठेवलं, पण मी उभी राहिले. शेवटचं ब्लँकेट काळं पडून कोसळेपर्यंत बघितलं.

मग म्हणाले, “आण आता ती वही.”