पूर्वीचे आजार: आहे

“‘पूर्वीचे आजार’ इथे ‘नाही’ लिहून टाकतो, ताई,” डॉक्टर म्हणाले. “सहा वर्षांत एकदाही झटका नाही. कशाला उगाच फाटे फोडायचे?”

शेजारी आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. ह्यांची मान देवाने होकारासाठीच बसवली आहे.

“‘नाही’ लिहू नका,” मी म्हणाले. “मिरगी लिहा.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. मुलगी दत्तक घ्यायची तर नवरा-बायको दोघांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं होतं. माझ्या कागदावर एवढी एक ओळ आणि खालची सही राहिली होती.

“अगं, आयत्या वेळी काय हे?” ह्यांनी माझं कोपर ओढलं. “मिरगी वाचून अर्ज बाजूला ठेवला तर? मग तुझ्या खरेपणाला पाळण्यात घालून झोके देत बसायचं का?”

लागलं मला ते. रडूच आलं. पण रडणाऱ्या बाईला लोक पाणी देतात, सही देत नाहीत. मी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि सरळ टेबलावर पालथा केला. गोळ्यांची रिकामी पाकिटं, दोनशेच्या वर. प्रत्येकावर संपल्याची तारीख.

मी कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. प्रत्येक गठ्ठ्यात शिवणारीच्या नंबरची चिठ्ठी असते. कॉलर वाकडी गेली की काही जणी चिठ्ठी गुपचूप काढून टाकतात. मी एकवीस वर्षांत एकदाही काढली नाही. बोलणी खाल्ली, उसवून परत शिवलं. तीच खोड घरी आली.

“रोज सकाळी एक गोळी,” मी म्हणाले. “सहा वर्षांत दोन चुकल्या. त्या पाकिटांवर लाल खूण आहे.”

डॉक्टर तारखा बघत राहिले. “पण लपवलं तर कळणार कुणाला, ताई?”

“पोरीला! ती घरात असताना मी पडले तर? आईला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, हे तिला शिकवायला नको? तिला आणायच्या कागदावरच खोटं लिहिलं, तर घरात खरं कुठल्या तोंडाने सांगू?”

डॉक्टरांनी लिहिलं, ‘मिरगी. औषध नियमित. सहा वर्षं झटका नाही.’ शेवटच्या ओळीशी मात्र अडले. ‘मूल सांभाळण्यास सक्षम आहे / नाही.’ त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

ह्या वेळी मान हलली नाही. “गोळी चुकली त्या दोन्ही दिवशी मी परगावी होतो,” हे हळूच म्हणाले. “एरवी गोळी मीच हातावर ठेवतो. पुढेही ठेवीन. लिहा तुम्ही.”

डॉक्टरांनी ‘नाही’वर रेघ मारली. सही केली, शिक्का उठवला.

“वर्षभरच चालतं हे. तोवर मूल मिळालं नाही तर परत यावं लागेल.”

“येईन की. डबा घेऊन.”

ह्यांनी पाकिटं गोळा करून डब्यात भरली. आम्ही दाराशी पोचलो तर डॉक्टरांनी हाक मारली. एक पाकीट टेबलाखाली राहिलं होतं, लाल खुणेचं.

“राहू दे गं ते,” हे म्हणाले.

मी परत गेले, वाकून ते उचललं आणि डब्यात टाकलं.