रामकुंडावर नारळाची झाडं

मित्रांनो, मला पाहून तुम्ही आधी हसाल. हसा खुशाल. सगळेच हसतात, आणि मला आता त्याची सवय झाली आहे. मी एक जुना पडदा आहे, फोटो स्टुडिओतला. दहा फूट रुंद, आठ फूट उंच, मांजरपाटाच्या कापडाचा. माझ्यापुढे खुर्ची ठेवायची, खुर्चीत माणूस बसवायचा आणि त्याच्या पाठीमागे मी नाशिक होऊन उभं राहायचं, असं माझं काम. पुढे माझ्या आयुष्यात एक ताजमहाल आला आणि सगळा विचका झाला. पण ते ओघानं येईलच. त्याचं नाव काढलं की मला आधी राग येतो आणि मग गोष्ट राहून जाते.

माझा जन्म १९७२ सालचा. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ धोंडीरामांनी नवा स्टुडिओ काढला. त्यांना वाटलं, यात्रेला येणाऱ्या माणसाला एकाच फोटोत अख्खं नाशिक द्यावं. त्यासाठी त्यांनी मालेगावहून शौकत पेंटरला बोलावलं. शौकतभाई सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. हात इतका तयार, की बोर्डावरच्या नायकाच्या मिशीचे केस मोजून घ्यावेत. अडचण एकच होती. त्यांनी नाशिक नीट पाहिलंच नव्हतं. सकाळच्या एस.टी.नं यायचं, दिवसभर स्टुडिओत रंग कालवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, एवढंच त्यांचं नाशिक.

धोंडीराम तोंडानं सांगत गेले आणि शौकतभाई काढत गेले.

"वर डाव्या हाताला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी. तिथून गोदावरी निघते."

डोंगराच्या पोटाला नळ बसवावा तशी शौकतभाईंनी गोदावरी सोडली.

"मग पांडवलेणी. मग सोमेश्वरचा धबधबा. इकडं वर सप्तशृंगीचा गड. मधोमध रामकुंड, आणि तिथंच दुतोंड्या मारुती."

"आणि पाण्यात काय सोडू?"

"सोडा काहीतरी, शोभेलसं."

शौकतभाईंनी चार हंस सोडले. काठ मोकळा दिसला म्हणून नारळाची दोन झाडं लावली. आभाळात ओझरच्या कारखान्यातलं विमान उडवलं आणि दोन्ही कोपऱ्यांत द्राक्षांचे घड टांगले, एकेक मणी पेरूएवढा. असा मी तयार झालो. रामकुंडात बुडी मारून हात वर केला, की तो गडाच्या पायरीला लागावा. सिंहस्थातसुद्धा नाशिकमध्ये एवढी दाटी झाली नसेल.

पहिली दोन वर्षं माझी चैन होती. लांबलांबचे यात्रेकरू यायचे, माझ्यापुढे ओळीनं बसायचे आणि म्हणायचे, "एका फोटोत सगळं उरकलं." मी फुगून जायचो. मग हळूहळू नाशिकची माणसं येऊ लागली, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

पुंजाराम गुरुजी मला अजून आठवतात. शाळेतले गुरुजी ते. बायको आणि दोन मुलींना नवे कपडे घालून घेऊन आले. धोंडीरामांनी काळ्या कापडात डोकं घातलं, तेवढ्यात गुरुजींनी मागं वळून पाहिलं.

"धोंडीराम, रामकुंडावर नारळ कुठून आले हो?"

"शोभेला आहेत, गुरुजी. तुम्ही इकडं बघा."

"आणि हे हंस? अहो, आमच्या गंगेत म्हशी डुंबतात. बरं, ते राहू द्या. मारुतीला एकच तोंड का? दुतोंड्या मारुती ना हा?"

शौकतभाई त्या दिवशी बाहेर पाटी रंगवत बसले होते. तिथूनच म्हणाले, "गुरुजी, दुसरं तोंड मागच्या बाजूला आहे."

गुरुजी उठले आणि माझी कड उचलून खरोखर मागं पाहून आले. मागं भिंत होती. शेवटी फोटो निघाला, पण धोंडीरामांनी तो काढला तेव्हा गुरुजी नेमके नारळाकडं वळले होते. त्या फोटोत तिघी हसताहेत आणि गुरुजींची नुसती पाठ आहे.

मग रोजचंच झालं. कुणी म्हणे लेणीच्या पायऱ्या चुकल्या, कुणी म्हणे काळारामाचा कळस कुठं आहे, कुणी म्हणे ब्रह्मगिरी असा कुठं दिसतो, हा तर कांद्याचा ढीग वाटतो. पोटभर नावं ठेवायची आणि फोटो न काढताच निघून जायचं. सातपूरच्या कारखान्यांतली पोरं सुटीच्या दिवशी यायची, गावी धाडायला फोटो काढायची. ती तर स्पष्टच सांगायची, "नाशिक रोज बघतो की. दुसरं काहीतरी दाखवा."

ते दुसरं काहीतरी १९७४ साली आलं. त्याच शौकतभाईंनी, त्याच ब्रशनं, त्याच मांजरपाटावर ताजमहाल काढला. म्हणायला माझा सख्खा धाकटा भाऊ. काम संपलं तेव्हा शौकतभाई हात पुसत म्हणाले, "मिनार चार असतात. कापड कमी पडलं, उजवीकडचा एक राहिला."

"लोकांना कळलं तर?" धोंडीरामांनी विचारलं.

"नाशिकमध्ये कोण मोजतंय?"

खरंच, कुणीही मोजले नाहीत. तीन मिनारांच्या त्या लंगड्या ताजमहालापुढं नवीन जोडपी बसली, साखरपुडे झालेल्या मुली बसल्या, पुंजाराम गुरुजीसुद्धा येऊन बसले, आणि एकानंही मागं वळून पाहिलं नाही. माझ्या हंसांची चौकशी करणाऱ्या गुरुजींना अख्खा मिनार गायब झालेला दिसला नाही. आता सांगा, माझा जळफळाट होणार नाही तर काय होईल?

आम्ही दोघं एकापुढे एक बांबूंवर टांगलेले. तो पुढं, मी मागं. तो खाली सोडला की मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. "काय सुंदर आहे हो," हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल, आणि एकदाही ते माझ्यासाठी नव्हतं. मला दिसायची ती त्याची पाठ. तिच्यावर गिरणीचा निळा शिक्का होता. जगाला संगमरवर आणि मला शिक्का. यात्रेकरूही माझ्याकडं येईनासे झाले. घाटावर फोटोवाले हिंडू लागले होते, मग खरं रामकुंड सोडून माझ्यापुढं कोण बसणार? खऱ्याला खरा म्हणून मान, ताजमहालाला लांबचा म्हणून मान. मी ना धड खरा, ना धड लांबचा. मला एकच आशा होती. कधीतरी आग्र्याला जाऊन आलेला एखादा माणूस इथं येईल, बोट दाखवून मिनार मोजेल आणि याचं पितळ उघडं पाडेल. अशी मी नऊ वर्षं वाट पाहिली. कुणी आलं नाही.

१९८३ च्या उन्हाळ्यात सिन्नरहून सहादू आला. धोंडीरामांची बायको चांगुणा, तिचा हा भाऊ.

"दाजी, ह्यो मागचा पडदा नुसता लोंबतोय. मला द्या. कांद्यावर टाकतो."

"घेऊन जा," धोंडीराम म्हणाले. एवढंच. अकरा वर्षांची सोबत आणि दोन शब्द.

सहादूनं मला उतरवून दारापुढं जमिनीवर अंथरलं. कांद्याचे ढीग दोन होते, म्हणून दोन तुकडे करायचे होते. तो माझ्यावर उभा राहून वितीनं माप घेऊ लागला. कात्री नेमकी गोदावरीवर ठेवली होती. वर पाहिलं तर दाराच्या आत ताजमहाल ऐटीत लटकत होता. मरायचं दुःख होतंच, पण याच्या डोळ्यांदेखत मरायचं, हे मला जास्त लागलं.

तेवढ्यात आक्काबाई आल्या, सातपूरहून. बरोबर त्यांचा मुलगा फकिरा होता. तो वेल्डर. त्याला मस्कतला नोकरी लागली होती आणि तो आठ दिवसांनी निघणार होता. आईबरोबर एक फोटो न्यावा म्हणून आला होता. आक्काबाई पायरीपाशी थांबल्या आणि सहादूला म्हणाल्या, "बाबा, तिथं पाय नको देऊ. लेणी हाय ती."

सहादू दचकून बाजूला झाला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी चूक न काढता मला ओळखणारं ते पहिलं माणूस. बुद्धपौर्णिमेला आक्काबाई दरवर्षी खऱ्या लेणीवर चढून जायच्या.

फकिरानं अर्थातच ताजमहाल मागितला. फोटो निघाला. मग आक्काबाई म्हणाल्या, "आता एक त्या पडद्यापुढं."

"आई, नाशिक काय दाखवायचं तिकडं? लोक हसतील."

"हसू दे. मी आग्र्याला कधी गेले रे? तिकडं तुला माझी सय आली, तर मला ताजमहालात शोधशील का?"

धोंडीरामांनी सहादूची कात्री उचलून घेतली. "आज राहू दे. पुढच्या आठवड्यात घेऊन जा."

मला पुन्हा टांगलं. बसण्यापूर्वी आक्काबाईंनी मला जवळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "पायऱ्या लय कमी काढल्यात. एवढ्याच असत्या तर माझे गुडघे दुखले असते का?" हसू ओसरायच्या आत फोटो निघाला. फकिराही हसत होता, फक्त त्याचे डोळे ओले होते.

पुढच्या आठवड्यात सहादू आला नाही. कांदा शेतातूनच विकला गेला होता. मी जिवानिशी वाचलो, पण पुन्हा ताजमहालाच्या मागं. पुढच्या उन्हाळ्यात नवा कांदा निघणार आणि सहादू येणार, हे मला माहीत होतं.

तो आलाच. "दाजी, औंदा तरी द्या," म्हणून ओट्यावर बसला. त्याच दिवशी आक्काबाई एक पत्र घेऊन आल्या. शेजारच्या मुलीनं त्यांना ते वाचून दाखवलं होतं, पण त्यात फोटोवाल्यांसाठीही मजकूर होता. धोंडीरामांनी ते मोठ्यानं वाचलं.

"आई, दोन्ही फोटो खोलीत लावले आहेत. कामावरून आलो की नाशिकच्या फोटोत एक चूक शोधतो आणि मग जेवतो. नारळ, हंस, पायऱ्या, मारुती, सगळं झालं. काल दिसलं की सोमेश्वरचा धबधबा नदीत पडतच नाही, शेजारच्या डोंगरावर पडतो. खूप हसलो. मग तुझी आठवण आली. फोटोवाल्यांना सांग, पडदा जपून ठेवा.

"आमच्या खोलीत आग्र्याचा एक गवंडी आहे. त्यानं ताजमहालाचा फोटो बघितला आणि लगेच म्हणाला, तीनच मिनार?"

धोंडीराम वाचायचे थांबले. मान वर करून त्यांनी मोजले. एक, दोन, तीन. सहादूनंही मोजले. मला तर वाटलं, बांबूसकट खाली उडी मारावी आणि नाचावं. दहा वर्षांनी का होईना, पितळ उघडं पडलं होतं.

धोंडीराम पुढं वाचू लागले. "खूप हसला. मग फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. दुसऱ्या दिवशी तो फोटो त्यानं मागून घेतला. मी म्हटलं, अरे, त्यात माझी आई आहे. तर म्हणाला, असू दे, मिनारांच्या जवळ कुणीतरी आई असलेली बरी. आता तो फोटो त्याच्या उशाशी असतो."

माझं नाचणं जागच्या जागी राहिलं. दहा वर्षं ज्याच्यावर मी जळत होतो, त्याचीही चूक शेवटी त्याच्या गावच्या माणसानंच काढली होती, आणि काढून ती उराशी धरली होती.

धोंडीरामांनी सहादूला सांगितलं, "पडदा मिळायचा नाही. घरातली ताडपत्री घेऊन जा." मग आक्काबाईंना म्हणाले, "शौकतभाईंना बोलावतो. ताजमहालाला कापड जोडून चौथा मिनार रंगवून घेऊ, याचे नारळ पुसून टाकू. दोन्ही एकदाचे नीट होतील."

आक्काबाई पत्राची घडी घालत होत्या. "नका पुसू," त्या म्हणाल्या. "पोराकडं नारळ हायेत. इथं पुसले तर त्याचं नाशिक निराळं आन माझं निराळं व्हईल."

नारळ राहिले. आज या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली. माझा रंग उडाला आहे, एक हंस कसरीनं खाल्ला आहे. लांब नोकरीला निघालेली पोरं मात्र आईला घेऊन अधूनमधून येतात आणि मला खाली सोडायला लावतात. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही आपल्या गावाला नावं ठेवा, भरपूर ठेवा. ती ठेवायचा हक्क तुमचाच आहे. फक्त त्याला उतरवून कांद्यावर टाकू नका. कधी नाशिकला आलात, तर माझ्यापुढंही बसा आणि एखादी नवी चूक काढून द्या, मी ती फकिराला कळवण्याची व्यवस्था करीन. ताजमहालाचं म्हणाल, तर तो अजून माझ्या पुढंच लटकतो आणि "काय सुंदर आहे हो" अजून त्यालाच म्हणतात. पूर्वीइतका जळत नाही मी. थोडा जळतो. पण त्याच्या पाठीवरच्या शिक्क्याकडं बघताना हल्ली मनात येतं, की याला बिचाऱ्याला आपल्या गावचं माणूस भेटायला मस्कतपर्यंत जावं लागलं, आणि माझं तर सातपूरहून चालत दारात आलं होतं.