डावीकडचा फटका

"अहो आई, तो डोळे मिटून मारला असता तरी आत गेला असता!"

सूनबाई मागे कधी येऊन उभी राहिली, ते सासूबाईंना कळलंच नाही. टॅबच्या पडद्यावर गोल्फचं हिरवंगार मैदान, भोकापासून जेमतेम वीतभर अंतरावर चेंडू, आणि सासूबाईंनी तो चक्क डावीकडे हाणला होता. समोरची खेळाडू 'टिचकी' एका फटक्याने जिंकली. लगेच पडद्यावर नाचणारं अस्वल आलं. टिचकी जिंकली की अस्वल पाठवायची.

"वय झालं बाई. नेम चुकतो."

"रोज? आणि रोज डावीकडेच?"

झालं! ही सून म्हणजे घरातच पोलीस चौकी. हा खेळ ज्या कंपनीचा, तिथेच तिची नोकरी. खेळणाऱ्यांचे कच्चा, मधला आणि पक्का असे गट पाडायचे, तोडीस तोड जोडी लागेल असं बघायचं, हेच तिचं काम.

सून खुर्ची ओढून बसली. "मुद्दाम हरणाऱ्यांना आम्ही वर ढकलतो. काही लबाड हरत हरत खाली येतात नि मग नवख्यांना बदडून काढतात. तुमचं खातं कालच माझ्यापुढे आलं. उद्यापासून तुम्ही पक्क्या गटात."

"आणि टिचकी?"

"ती कच्च्यातच. आता गाठ नाही पडायची."

सासूबाईंनी टॅब जवळ ओढला. "अगं, माझं मी हरते, त्यात कुणाचं काय जातं?"

"समोरच्याचं जातं ना, आई. ती बिचारी समजते, आपण खरंच जिंकलो."

"तेच तर हवंय मला!"

आणि मग सगळं बाहेर पडलं. टिचकी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, ताई. कॅरमच्या सोंगटीला झकास टिचकी मारायची, म्हणून वडिलांनी पाडलेलं नाव. आईच्या शेवटच्या दुखण्यात कुणी किती केलं, यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, ते 'तुझं तोंड बघणार नाही'पर्यंत गेलं. हट्टीपणात एकीला झाकावं नि दुसरीला काढावं! भाचीकडून कळलं, की संधिवाताने ताईचा अंगठा वाकलाय, विरंगुळा म्हणून सकाळच्या चहानंतर ती गोल्फ खेळते, आणि हरली की दिवसभर कुरकुरते. त्या वेळेला कच्च्या गटात माणसं असून असून किती असणार? गाठ पडायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मावशींना माहीतच नाही?"

"कसं असणार? मी तिथे 'पाहुणी' नावाने आहे."

सून हसायला लागली, पण तिचे डोळे भरले होते. "आई, घरच्या माणसासाठी नियम वाकवला तर माझ्या कामाला काय अर्थ राहिला? पण एक वाट आहे. गट वेगळे असले तरी ओळखीच्या माणसाला बोलावून खेळता येतं. शिवाय कच्च्याला काही फटक्यांची सवलत मिळते. फक्त त्यांनी हो म्हणायला हवं. म्हणजे तुम्हाला फोन करावा लागेल."

फोन! सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढला होता. रुसलेले नवरे, तडकलेल्या सासवा, साऱ्या जगाला जोडून दिलं होतं. स्वतःचा एक फोन लावायचा म्हटल्यावर मात्र त्या उठल्या. पाणी प्यायल्या. स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. शेवटी सुनेनेच नंबर लावून फोन हातात कोंबला.

"हॅलो?" तोच खर्जातला आवाज.

"ताई... मी."

"कोण, पाहुणी का?"

"तुला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं! मला गोवर आला होता तेव्हा कॅरममध्ये अशीच हरायचीस. शेवटची सोंगटी डावीकडे. तेव्हाही तुला वाटायचं, ताईला काही कळत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू यायची थांबली असतीस. रोज वाट बघायचे गं मी."

सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. नाक ओढत ओढतच त्यांनी गटाचं, सवलतीचं सगळं सांगितलं.

"म्हणजे आता मी कच्चं लिंबू?" ताई खदखदून हसली. "सगळं लहानपण तुला कच्चं लिंबू म्हणून मागे मागे फिरवलं मी. घे, आता फेड! पण मुद्दाम हरलीस तर याद राख."

डाव रंगला. शेवटच्या भोकापाशी दोघी बरोबरीत आल्या. सासूबाईंचा एकच फटका उरला, आणि चेंडू पुन्हा वीतभर अंतरावर. त्यांचं बोट सवयीने डावीकडे वळलं. कानाशी धरलेल्या फोनातून ताईचा श्वास ऐकू येत होता. सासूबाईंनी बोट सरळ केलं आणि फटका मारला. चेंडू आत गेला.

पडद्यावर अक्षरं आली: 'पाहुणी विजयी'.

"ताई? रागावलीस?"

"अगं गाढवे, असं खेळता येत होतं तर इतके दिवस माझा वेळ कशाला खाल्लास? मांड परत!"

सासूबाईंनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. ताई हरली होती, तरीही अस्वल नाचत होतं.