डाव्या वळणावर पडलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. घराच्या भिंतीवरचा नव्हे. गाडीच्या वायरींची नाडी पाहणारा, काट्याचा. माझ्या काचेला तडा गेला आहे, आकडेही पुसट झाले आहेत, पण काटा अजून ठणठणीत आहे.

मी गॅरेजमधल्या ताईचा. गाड्यांच्या विजेचं काम ती बघते आणि बाकीचं तिचा मोठा भाऊ, दादा. दादा भारी टापटिपीचा. वायर लोंबताना दिसली की त्याच्या जिवाला चैन पडत नाही. ताईची शिस्त निराळी. मोजण्याआधी ती माझी दोन टोकं एकमेकांना टेकवते आणि काटा शून्यावर आणते. आधी माझी परीक्षा, मग गाडीची. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो.

पुढे गाडीतला बिघाड वाचून दाखवणारा नवा स्कॅनर आला आणि मी खणात जाऊन पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

एक दिवस नर्सबाई आल्या. त्या उंचावरच्या वस्तीत घरोघरी जाऊन रुग्णांना बघतात. रस्ता उताराचा आणि निसरडा. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून गाडीत एबीएस असतं. त्याचाच दिवा लागत होता, म्हणजे ते बंद पडत होतं.

"घरचे म्हणतात, गाडी विक आणि वरचं काम सोड," त्या म्हणाल्या. "पण मग तिथे जाणार कोण?"

"स्कॅनरने पुढचं डावं चाक सांगितलं, मी तिथला वेग मोजणारा सेन्सर नवा बसवला," दादा वैतागला. "आता आणखी काय करायचं?"

ताईने शांतपणे विचारलं, "नर्सबाई, दिवा नेमका कधी लागतो?"

"डावीकडे पूर्ण वळले की. गाडी बंद करून चालू केली की विझतो, पुढच्या वळणाला पुन्हा हजर."

ताईने मला खणातून काढलं, पुसलं, शून्यावर आणलं. गाडी बंद ठेवून सेन्सरच्या वायरीचं वरचं टोक सोडवलं आणि तिथे मला जोडलं. काटा ठीक जागी उभा राहिला. "आता स्टिअरिंग फिरवा. सावकाश." नर्सबाईंनी डावीकडे फिरवलं आणि माझा काटा धाडकन पडला, म्हणजे वायरीचा मार्ग तुटला. सरळ केलं, उठला.

स्कॅनर खोटं बोलला नव्हता. त्याने चाक सांगितलं. वायर आतून कुठे तुटली ते ताईने शोधलं. मागच्या सर्व्हिसिंगला ती इतकी करकचून बांधली होती की चाक वळलं की ताणली जाई.

"दादा, हे तूच बांधलंस ना?"

"लोंबत होती गं," दादा ओशाळून म्हणाला.

ताईने तो तुकडा बदलला आणि वळणापुरती ढील ठेवली. पुन्हा स्टिअरिंग फिरलं. मी जागचा हललो नाही. नर्सबाई फेरी मारून आल्या, दिवा विझलेलाच होता. "उद्या वर जाते," एवढंच त्या म्हणाल्या. 

संध्याकाळी दादा मला आवरायला आला. सवयीने माझ्या वायरी माझ्याभोवती आवळू लागला, मध्येच थांबला, त्या सोडल्या आणि सैल वेटोळं करून मला स्कॅनरशेजारी ठेवलं.

मित्रांनो, आवराआवर जरूर करा, पण वायर करकचून बांधू नका. तिलाही वळायचं असतं. वस्तीकडे जाताना नर्सबाईंची गाडी आमच्या कोपऱ्यावर डावीकडेच वळते. तेव्हा दादा हातातलं काम थांबवून बघतो, आणि गाडी दिसेनाशी झाली की पुन्हा पाना उचलतो.