डबा हरवलेलं झाकण

मी झाकण बोलतंय. डब्याचं विचारू नका, तो हरवून एकोणचाळीस वर्षं झाली.

भांडेवाल्याच्या दुकानात आम्ही दोघं जोडीनं होतो. आजीनं आम्हाला घेतलं, मुलाला शाळेत न्यायला. तेव्हा ती आजी नव्हती, चांगली तरणीताठी होती. पोराला आपला डबा ओळखू यावा म्हणून तिनं खिळ्यानं माझ्या कपाळावर चिमणी कोरली. अक्षर तिला येत नव्हतं. चिमणीही येत नव्हती, पण हे मी कुणाला सांगू?

शाळेचा पहिला दिवस. जाताना तिनं पोराला दहादा बजावलं, "झाकण सांभाळ हं, झाकण हरवू नकोस!" संध्याकाळी पोरगं छाती काढून परत आलं. "आई, झाकण आणलंय!"

"अरे, आणि डबा?"

"डब्याचं कुठं सांगितलं होतंस?"

आजी इतकी हसली की तिला उचकी लागली. रागवायचं राहूनच गेलं. मला पुसून तिनं कपाटावर ठेवलं, ते अगदी अलीकडेपर्यंत.

तो पोरगा आता घड्याळं दुरुस्त करतो. त्याची बायको कपडे शिवते. त्यांची मुलगी, म्हणजे आजीची नात, कॉलेजात जाते. दर रविवारी जेवणं झाली की चौघं टीव्हीसमोर बसतात. कार्यक्रम कसला, तर ज्यांना काही म्हणजे काही टाकवत नाही अशा माणसांचा. हातमोजे घातलेली माणसं येतात आणि घर उपसतात.

मी वरून टीव्ही कमी बघतं, ह्यांनाच जास्त. सून "ईऽऽ, शी!" म्हणत आणखी पुढे सरकते. नात डोळे झाकते आणि बोटांच्या फटीतून सगळं बघते. घड्याळवाला म्हणतो, "ह्यांना कुणी सांगत कसं नाही?" त्याच्या स्वतःच्या खणात बंद पडलेली एकशे सहा घड्याळं आहेत. कार्यक्रम संपला की तिघांच्या अंगात झाडू संचारतो. एक कोपरा झाडतात, दोन रद्दी कागद फेकतात आणि दमून चहा पितात.

मध्यंतरी एका रविवारी टीव्हीवर एक बाई होती. तिच्या घरात छत्र्याच छत्र्या, चाळीस तरी असतील, आणि एकही धड नाही. घड्याळवाल्यानं मांडीवर थाप मारली. "आई, तुझी सख्खी बहीण सापडली बघ!"

सगळे खदाखदा हसले. आजीही हसली, पण जरा उशिरा.

मग ती उठली, मोठी पिशवी काढली आणि भरायला लागली. रिकामी रिळं, बटणांचा डबा, कान तुटलेला कप, एका कानाची कापडी मांजर. शेवटी स्टुलावर चढून तिनं मला उचललं. माझी तर बोबडीच वळली!

"आजी, हे काय गं?"

"हातमोजेवाले यायच्या आत आपणच आवरलेलं बरं. इतका वेळ मीही त्या बाईला हसत होते. तिच्याही घरात कुणीतरी असंच हसत असेल, हे आज कळलं."

पिशवी दाराशी गेली.

पाच मिनिटं झाली नसतील, सून आली. "माझी कात्री चुकून गेली का बघते." कात्री तिच्या हातातच होती. रिळं आणि बटणं घेऊन गेली. मग नात आली, मांजर पोटाशी धरून पळाली. शेवटी घड्याळवाला. "गाठ मारतो," म्हणाला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हाताला लागलं मी.

"आई, हे बदक कसलं?"

"चिमणी आहे ती."

"चोच बघ की. शंभर टक्के बदक!"

"बदक तर बदक. तूच आणलंस छाती काढून. 'आई, झाकण आणलंय!'" आणि तिनं सगळी हकीकत सांगितली.

तो हसायला लागला, थांबेचना. शेवटी त्याला उचकी लागली, अगदी आईचीच! सून म्हणाली, "म्हणजे अर्धवट कामांची सवय तेव्हापासूनची!" आजी पुन्हा हसली, ह्या वेळी सगळ्यांच्या आधी. उचकी थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "चुकलं आई माझं." तिनं त्याच्या डोक्यात मलाच ठण्णकन हाणलं.

पुढच्या रविवारी छत्र्यांची बाई पुन्हा दिसली. हातमोजेवाल्यानं विचारलं, "बाई, ही कशाला ठेवलीत?" सून काही म्हणणार, तोच घड्याळवाला ओरडला, "थांबा, ऐकू द्या तिला!" आजी टीव्हीला म्हणाली, "सांग गं, घाबरू नकोस."

हल्ली मी आजीच्या पाण्याच्या पेल्यावर असतं. बसत नाही, घसरतं, दिवसातून चारदा ठण्णकन पडतं. कुणीतरी मला उचलतं आणि ओरडतं, "आई, झाकण आणलंय!"

तुम्हीही बघा तो कार्यक्रम, पोटभर हसा. फक्त हसण्याआधी एकदा आपल्या गादीखाली हात घाला. आमच्याकडे गादीखाली तीच मोठी पिशवी आहे, नीट घडी केलेली. सुनेनंच ठेवली. म्हणाली, "दणकट आहे हो, लागेल कधीतरी."