पुष्पमेरी कशाला लिहिते

ज्ञानप्रकाशम् सरांनी फोन ठेवला आणि प्रुफावरून नजर न उचलता म्हणाले, "तिरुवैयारूला तुझी एक वाचक आहे. तुला भेटायचं म्हणते. मी नंबर दिलाय."

वसुमतीने कळफलक सोडून मान वर केली. "कोणाचा नंबर म्हणून दिलात?"

"पुष्पमेरीचा. अजून कोणाचा?"

आठ वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते असं बसल्या जागी उघडं पडलं. वसुमती तंजावूरला सरांच्या लहानशा छापखान्यात तमिळ अक्षरजुळणी करायची. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि चर्चचं एक मासिक, एवढंच तिथे छापलं जायचं. मासिकात ख्रिस्ती कुटुंबांची एक क्रमशः कादंबरी चालू होती. ती लिहिणारे म्हातारे मास्तर मध्येच अंथरुणाला खिळले. पानं रिकामी जाणार, तेव्हा सर म्हणाले होते, "तूच सगळं टाईप केलं आहेस. एक प्रकरण कसंबसं ओढून दे." वसुमती नन्सच्या शाळेत शिकलेली. प्रार्थना, सण, घरातली बोलणी, सगळं तिच्या कानावरून गेलेलं होतं. तिने एक प्रकरण लिहिलं. मग दुसरं. वाचकांची पत्रं येऊ लागली आणि सरांनी तिला पुष्पमेरी हे नाव देऊन टाकलं.

पण घरी ती राजवाड्याच्या पश्चिमेच्या गल्लीतली मराठी सून होती. देवघरात विठोबा. नवरा रघुराम समाजाच्या भजनमठाचा कार्यवाह. बायको छापखान्यात कळफलक बडवते एवढंच त्याला ठाऊक. त्याला कळलं तर, ही एक भीती. आणि वाचकांना कळलं की पुष्पमेरीचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नाही, तर ही दुसरी. हल्ली कोण कुठून काय उकरून काढेल, कोणाच्या दाराशी चार माणसं घेऊन येईल, नेम नव्हता.

दुपारी फोन वाजला. जेसिंता नावाची बाई बोलत होती. "माझी आई, सहायमेरी. सरकारी इस्पितळात नर्स होती. आता तिचेच शेवटचे दिवस आहेत. फादर आले की भिंतीकडे तोंड फिरवते. पुष्पमेरीला बोलाव, एवढंच म्हणते. याल का हो?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि वसुमतीच्या तोंडून "येते" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाते सांगून ती तिरुवैयारूच्या बसमध्ये बसली. एकामागून एक नद्यांचे पूल मागे पडत होते. खिडकीच्या काचेत तिला आपलं कपाळ दिसलं. तिने टिकली काढली. मंगळसूत्र पोलक्यात सारलं. शेजारच्या बाईने वळून तिच्याकडे पाहिलं, तशी वसुमती खिडकीकडे वळली. नवरा जिवंत असताना आपण हे काय करतोय? पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण बस थांबली तेव्हा पाय उचलले नाहीत.

घर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढच्या खोलीत खाट, भिंतीवर वेलांकण्णीच्या मेरीमातेची तसबीर, उशाशी मासिकांचा गठ्ठा. वाचून वाचून त्यांची पानं मऊ पडलेली. खाटेवरची म्हातारी काडीसारखी झाली होती, पण डोळे लख्ख होते. जेसिंताने खुर्ची दिली आणि ती पाणी आणायला आत गेली.

"जवळ ये," सहायमेरी म्हणाली. तिचं तमिळ वॉर्डातल्या नर्ससारखं, तुटक आणि हुकमी. वसुमती वाकली. म्हातारीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"टिकलीचा डाग आहे. वर्षानुवर्षांचा. तू आमच्यातली नाहीस."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. जेसिंता बाहेर आली तर? तिने आरडाओरडा केला तर? दार कुठे आहे ते तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं.

"नाही, सिस्टर," ती कशीबशी म्हणाली. "मी हिंदू आहे. मराठी."

"नाव?"

"वसुमती."

सहायमेरीने हनुवटी सोडली. "तुझ्या गोष्टी मी मरणाऱ्या माणसांना वाचून दाखवल्या. नोकरी सुटल्यावरसुद्धा मी वॉर्डात जात होते, त्या वाचून दाखवायला. पुरात अडकलेल्या त्या बाईची गोष्ट. तिला वाटतं कोणी येणार नाही, आणि येशू होडी घेऊन येतो. माणसं माझा हात धरून ऐकायची. घाबरू नका, येतो तो, असं मी त्यांना सांगायचे. आणि तुझा त्याच्यावर विश्वासच नाही? मग कशाला लिहिलंस? पैशासाठी? आमची थट्टा म्हणून?"

"थट्टा नाही हो!" वसुमती जवळजवळ ओरडलीच. मग तिचा आवाज बसला. "भीतीने लिहिलं."

"कसली भीती?"

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. "माझी आई शेवटी माझ्याकडेच होती. ती सारखी विचारायची, मला न्यायला कोण येईल ग? लहानपणी तिने नरकाची वर्णनं ऐकलेली. काळे दूत, फास, तापलेली वाळू. येणारा चांगला असेल ना, म्हणून विचारायची. सगळे म्हणायचे, असं अभद्र बोलू नये. विठोबाचं नाव घे, म्हणायचे. ती घ्यायची नाव. आणि पुन्हा विचारायची. तशीच घाबरत घाबरत गेली. पुढे सरांनी ते प्रकरण लिहायला सांगितलं आणि ती पुरातली बाई माझ्या हातात आली. तिच्याकडे मी कोणालातरी पाठवू शकत होते. आपल्या देवाबद्दल लिहायचं धाडस मला झालं नसतं, सिस्टर. घरात आईचा फोटो आहे. ती विचारेल, मला कसा नाही आला? तुमच्या येशूला मी बाहेरून ओळखत होते. त्याला हाक मारताना मला भीती वाटली नाही."

बोलता बोलता ती रडायला लागली होती. जेसिंता पाण्याचा पेला घेऊन दारात थबकली होती. तिने किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता.

सहायमेरीने छताकडे पाहिलं. मग पुटपुटली, "मग तो येतो का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पुष्पमेरीने ते पाच ओळींत लिहिलं असतं. "मला माहीत नाही," वसुमती म्हणाली.

"मलाही नाही." म्हातारीने डोळे मिटले. "इतक्या लोकांना सांगितलं. आता माझी पाळी आली तर मीच घाबरलेय. फादरना कसं सांगू? जेसिंताला कसं सांगू? तुला वाटलं मी तुला जाब विचारायला बोलावलं? मला वाटलं, लिहिणारीला तरी ठाऊक असेल."

जेसिंताने पेला खाली ठेवला, आईच्या पायाशी बसली आणि तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"तुला भीती वाटते तेव्हा कुठल्या भाषेत बोलतेस?" सहायमेरीने विचारलं.

"मराठीत. आमच्या घरातल्या."

"मग त्या भाषेत सांग ती गोष्ट. मला कळली नाही तरी चालेल. कळलेली गोष्ट आता कामाची नाही."

सहायमेरीने तिचा हात धरला आणि वसुमतीने सांगायला सुरुवात केली. तंजावूरच्या त्या जुन्या, तमिळ हेल काढणाऱ्या मराठीत पुरातली बाई, बुडालेली शेतं, कौलावर चढलेली कोंबडी. ही गोष्ट ती पहिल्यांदाच स्वतःच्या भाषेत बोलत होती आणि तिचा आवाज तिच्या आईसारखा येत होता. येणाऱ्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ती अडखळली. तिने नाव घेतलंच नाही. "मग कोणीतरी आलं," एवढंच म्हणाली. सहायमेरीचा श्वास संथ झाला होता. ती जागी होती की झोपेत, ते सांगता आलं नसतं. हात मात्र तिने सोडला नव्हता.

घरी परतली तेव्हा रघुराम दारातच उभा होता. तिच्या कपाळाकडे लक्ष जाताच त्याचा चेहरा उतरला. "कपाळ मोकळं? काय झालं ग? कोठे होतीस? छापखान्यात फोन केला तर नाहीस म्हणाले."

तिने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. मासिक, नाव, आठ वर्षं, म्हातारी, आईचा तो प्रश्न. तो ऐकत असताना रस्त्यावरून कोणी जातंय का ते बघत होता. शेवटी त्याने तिला आत ओढून दार लावलं.

"मठात कळलं तर काय होईल, ठाऊक आहे?" तो दबल्या आवाजात म्हणाला. "लोक काय म्हणतील याचं सोड. काय करतील? हल्लीचे दिवस कसे आहेत!"

"ठाऊक आहे. रोज त्याच भीतीने लिहिलंय."

संध्याकाळी ती दिवा लावत असताना तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. "तुझ्या आई विचारायच्या ते मी पण ऐकायचो," म्हणाला. "मी मठात निघून जायचो. तिथे टाळांच्या आवाजात ते ऐकू यायचं नाही."

त्याच आठवड्यात जेसिंताचा फोन आला. आई पहाटे गेली. शेवटी तिने फादरना आत येऊ दिलं, एक हात त्यांच्या हातात दिला, पण दुसरा मलाच धरायला लावला, असं जेसिंता म्हणाली. घाबरली होती का, हे वसुमतीने विचारलं. "हो," जेसिंता म्हणाली. "पण एकटी नव्हती."

अंत्यविधीला निघताना रघुरामने स्कूटर काढली. "बसने नको जाऊस," एवढंच म्हणाला. चर्चच्या फाटकाशी माणसं जमली होती. त्यातल्या दोघातिघांनी या अनोळखी जोडप्याकडे वळून पाहिलं. रघुरामने हेल्मेट काढलं नाही. त्याचे हात हँडलवर घट्ट आवळलेले वसुमतीने पाहिले.

"मी इथे उभा आहे," तो म्हणाला. "कोणी काही बोललं तर हाक मार."

आतून गाणं सुरू झालं. जेसिंताने तिला दुरून पाहिलं आणि पहिल्या बाकावर सरकून जागा केली. वसुमती चपला काढून आत गेली.