प्लेटलेट उत्तम आहेत

सकाळी दाढ काढली. संध्याकाळ झाली तरी स्वरालीच्या तोंडातलं रक्त थांबेना. तिच्या सासूबाई आनंदी तिला घेऊन रुग्णालयात पोचल्या तेव्हा हातातला टॉवेल अर्धा भिजला होता.

तातडीच्या विभागात डेंग्यूचे रुग्ण दाटीवाटीने बसले होते. ड्युटीवरच्या डॉ. दिग्विजयने स्वरालीचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येताच तो हसला.

"काकू, प्लेटलेट दोन लाखांच्या वर आहेत. बाहेर बघा, वीस हजारवाले बसलेत. घरी न्या, बर्फ लावा."

"अहो, बर्फ लावून झाला. रक्त थांबत नाहीये."

"आकडा चांगला असला की थांबतं."

"मग त्या रक्ताला तुम्हीच सांगा. आमचं ऐकत नाही."

शेजारी बसलेल्या एका बाईने पपईच्या पानांचा रस सुचवला.

"तो संख्या वाढवायला देतात," आनंदी म्हणाल्या. "इथे संख्येचीच मिजास चाललीय."

महिनाभर हेच चाललं होतं. हिरड्यांतून रक्त येई, मांड्यांवर काळेनिळे डाग उठत. दरवेळी कोणीतरी प्लेटलेट मोजायचं आणि तिला ताण कमी करायला सांगायचं. दाढ काढणाऱ्यानेही तसाच रिपोर्ट पाहून पक्कड उचलली होती.

दिग्विजयने घरी जायचा कागद पुढे केला. तोंडातल्या कापसाच्या बोळ्यामुळे स्वरालीला बोलता येत नव्हतं. तिने बाही वर करून हात त्याच्यासमोर धरला. तपासणीसाठी सुई टोचली होती तिथला कापूस लालभडक झाला होता.

"हे थांबलं की आम्ही निघतो," आनंदी म्हणाल्या. "तोवर आपणही बसा."

त्याने नवा कापूस घट्ट दाबून धरला. तोही भिजला. मग त्याने फोन उचलला.

रक्तविकारतज्ज्ञ डॉ. तेजस्विनी आल्या. "प्लेटलेट भरपूर आहेत, पण बहुधा निकामी झाल्यात," त्या म्हणाल्या. "हिच्याच शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असावीत. ती प्लेटलेटवर जाऊन बसली की प्लेटलेट एकमेकींना धरू शकत नाहीत. मोजून हे कळत नाही, त्यांचं काम तपासावं लागतं."

तपासणीत तेच निघालं. औषधं सुरू झाली. सकाळी बोळा पहिल्यांदा कोरडा निघाला.

दिग्विजय दारात घुटमळत उभा होता. "काकू, अशी केस मी कधी पाहिली नव्हती."

"पाहायला समोर बसवली होती," आनंदी म्हणाल्या. "तुम्ही कागद पाहत होतात."